खाली ठेवलेला पेला

उर्फा, तुर्कस्तान
ता. ८ नोव्हेंबर

ती. आजीस शिवराजचा शि. सा. न. वि. वि.

गिरणीत यंत्रं बसवायचं काम ठीक चाललंय. पण माझ्या हातून एक चूक झाली. इथं मित्रमंडळी पाळीपाळीनं एकेकाच्या घरी बसतात. गाणं, गप्पा, जेवण. माझे घरमालक हलीलचाचा स्वतःच्या शब्दावर मला घेऊन गेले. शेवटी सगळ्यांना एकाच पेल्यातून कडू कॉफी देतात. मी पिऊन पेला खाली ठेवला. उष्टं कुणाच्या हातात देऊ नये, ही तुझीच शिकवण. इथं उलटं: पेला वाढणाऱ्याच्याच हातात द्यायचा. खाली ठेवला, तर ठेवणाऱ्यानं वाढणाऱ्याचं लग्न जमवायचं.

एरवी हसून सोडतात म्हणे. पण वाढणारा निघाला यूसुफ नावाचा लग्नाळू पोरगा. त्याला बैठकीत वाद्य वाजवणाऱ्या इब्राहिमची मुलगी झेहरा हवी आहे आणि इब्राहिम नाही म्हणतो. त्यावरून बैठकीत दोन तट पडलेत. बैठकीचा म्होरक्या म्हणाला, पुढच्या बैठकीत शिवराजनंच सगळ्यांसमोर मागणी घालावी. जमलं नाही तर मी बैठकीतून बाहेर, आणि मला आणणाऱ्या हलीलचाचांची मान खाली. काय करू?

तुझा शिवराज


मुकुंदवाडी
ता. १० नोव्हेंबर

चि. शिवराजास आजीचा आशीर्वाद.

शेजारच्या सायलीनं तुझं पत्र मोबाइलवर वाचून दाखवलं. हे मी हातानं लिवते, ती फोटो काढून धाडंल. अक्षर वाकडं हाय, चष्मा लाव.

लोकाच्या घरी जेवायला गेलास आन् सोयरीक जुळवायला बसलास. तुझं सोयगावचं स्थळ ताटकळलंय, ते कोण बघणार? हलीलचाचाला माझा सलाम सांग.

म्होरक्या बोलला, यूसुफ बोलला, बाप बोलला. पोरीला कुणी इचारलं का? दहा जणांत गाठलं तर बाप इज्जतीपायी नायच म्हणंल. आधी तिला इचार. आडोशाला नको, चार माणसं दिसतील तिथं.

आजी


उर्फा
ता. १३ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न.

झेहरा आमच्याच गिरणीच्या ऑफिसात आहे. कँटीनमध्ये विचारलं. नकार तिचाच आहे. यूसुफ तिला आवडत नाही, एवढंच. ते कळलं तर लोक तिच्याविषयी नाही नाही ते बोलतील, म्हणून बाप सगळं स्वतःवर घेतो. मला वाटतं, बैठकीत खरं सांगून टाकावं. इब्राहिमवरचा राग तरी जाईल. बैठक उद्याच आहे. लगेच कळव.

शिवराज


मुकुंदवाडी
ता. १३ नोव्हेंबर

चि. शिवराजास आशीर्वाद.

खरं सांगायची लई हौस असंल तर सोताबद्दल सांग. पोरीचं नाव तुझ्या तोंडातून निघता कामा नाय. बापानं इतके दिवस तोंड दाबून सोसलं, ते तू एका घटकेत उधळशील, आन् वर खरं बोललो म्हणून मिरवशील.

उभा राहा, हात जोड आन् म्हण, मला जमलं नाय. का म्हणून इचारलं तर पुन्हा तेच म्हण. हसतील, हसू दे. बाहेर काढतील, तर जोडे घालून निघ. हलीलचाचाला घरीच आधी सांग, की माझ्यापायी तुम्हाला ऐकून घ्यावं लागंल. कारण त्यालाबी सांगू नको. चिडला तर दुसरी खोली बघ.

आन् इब्राहिमकडं बघू नको. बघितलंस तर तुला ठावं हाय हे त्याला कळंल, मग त्याला तिथं बसणं जड जाईल.

तिथला लोभ गेला तरी इथला हाय.

तुझी आजी
चतुराबाई