सुगत, अँटीव्हायरस बंद करू नको

सुगत,

मी बाबाले आणाले खाप्याले चालली. सकाळीच ते चहा न घेता तिथं आत्याकडे निघून गेले. तुह्या गेमच्या फ्लॉपीतून व्हायरस आला अन् त्यांनी टाईप केलेल्या छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या आठवणी साऱ्या पुसल्या गेल्या. त्यायले वाटते, आपलंच बोट चुकलं. तू समोर बसून चूप राहिला. काहून गा?

अँटीव्हायरस तूच बंद केला होता, मी चालू केला. आता फ्लॉपी टाकली की तो आधी तपासते. वेळ लागते म्हणून सेटिंग बदलू नको. मेनूची अक्षरंही मोठी, पिवळी केली, बाबाले दिसली पाहिजे.

वरण झाकून ठेवलं आहे. बाबा आले तर मी त्यायले पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसवते. पण फ्लॉपीचं मी नाही सांगणार. आम्ही आलो की दार उघडशील, तवाच तू त्यायले सांग.

करुणाताई