बसने चाळीस मिनिटं

प्रिय सलिल,

गिऱ्हाईक मोबाइलच्या उजेडात आपल्या वर्कशॉपमधला एकुलता लेथ तपासत होतं, तेवढ्यात बाबांनी तुझा फोन स्पीकरवर टाकला. मँचेस्टरचा महिन्याचा खर्च तू वाचून दाखवलास. खोली शहराच्या मध्यातच हवी, कारण स्वस्त खोलीपासून युनिव्हर्सिटी बसने चाळीस मिनिटं.

"ताई, रोज एवढा वेळ गेला तर लाइफ क्वालिटी काय राहणार?"

मी तेव्हाच हिंजवडीहून दोन तास कंपनीच्या कॅबमध्ये बसून चिखलीला पोचले होते. माझी क्वालिटी ड्रायव्हरला विचार.

बाहेरच्या जेवणाला तू मेंटल हेल्थ म्हणालास. बाबांना वाटलं, औषधोपचार चालू आहेत.

"हा लेथ विकला तर तुम्ही काय चालवणार?" मी विचारलं.

"तिकडं थंडी फार असते गं," ते म्हणाले.

दसऱ्याला या लेथला हार घालताना तू ऑइलच्या वासाने नाक दाबायचास. आता त्याचीच खोली होईल, खिडकीवाली. खुशाल राहा.

तुझी ताई,
विजयश्री

ता. क. "त्याला काही लिहू नकोस, अभ्यासावरून लक्ष उडेल," असं बाबा म्हणाले, म्हणून पत्र माझ्याकडेच ठेवलं. सकाळी टेम्पो आला. गिऱ्हाइकाला लेथ चालवायला माणूस हवा होता. बाबा डबा घेऊन मागे लेथशेजारी बसले आणि चाकणला कामावर गेले.