चुन्याची रेघ

४ मार्च
— आणि बुंध्याजवळची साल चाकूने खरवडली. आत तपकिरी पट्टा. मर रोग! तळ्याकडच्या कोपऱ्यातलं डाळिंब. 'पाणी कमी पडलं असेल,' दादा म्हणाला. त्याचा स्वतःचाही विश्वास नव्हता.

५ मार्च
कृषी खात्याच्या रोगवाल्या बाई मुळांचे नमुने न्यायला आल्या. अण्णा त्यांना — 'तपासायला आलात की पोस्टमॉर्टमला?' त्या हसल्या नाहीत. बुरशी मातीत आहे. फावड्याला, बुटांना चिकटून फिरते. कोपऱ्याभोवती चर खणा, चुन्याची रेघ मारा. रेघेच्या आतलं एकही झाड ठेवायचं नाही. बाहेर येताना बूट धुवा आणि ते पाणी आतच ओता. अण्णा तेवढ्यात त्यांच्यासाठी चहा आणायला गेले होते.

९ मार्च
चर झाला. कोपऱ्यातली झाडं जाळली. हात सोलवटलेत. झोप मात्र छान लागते.

१७ मार्च
नवी लागण नाही. दुपारी सगळे थोरल्याखाली बसलो. अण्णांनी बांधलेल्या पहिल्या गुटी-कलमाचं हे डाळिंब, दादापेक्षा वयाने मोठं — म्हणून थोरला. दादा म्हणतो, वाटणीत त्यालाही हिस्सा द्या. अण्णा म्हणतात, 'त्याला आधी!'

२ एप्रिल
थोरल्याची एक फांदी पिवळी. साल खरवडली. तोच पट्टा. चर तर इथून इतका लांब!

३ एप्रिल
कळलं. संध्याकाळी कोपरा बघून येताना अण्णांनी रेघेवर बूट धुतले, बादली उचलली, थोरल्याच्या आळ्यात रिकामी केली. रोज करतात म्हणे. 'एवढं पाणी वाया कशाला घालवायचं?'

हे थांबलं नाही तर सगळी बाग जाईल. दादाला म्हटलं, तू सांग, तू मोठा. 'मोठा तो आहे,' दादा थोरल्याकडे बघत म्हणाला आणि आत गेला.

४ एप्रिल
जेवताना मीच सांगितलं. हळू, पण सगळं.
'बाईंनी तसं सांगितलं होतं?'
'तुम्ही चहा आणायला गेला होतात, अण्णा.'
अण्णांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, 'साखर नको म्हणाल्या होत्या त्या.'

५ एप्रिल
सकाळी मी बाहेर आले. चुन्याची नवी रेघ थोरल्याच्या अलीकडून गेली आहे. बूट आणि बादली रेघेपलीकडे. अण्णा पायरीवर बसलेत — अनवाणी, पाय स्वच्छ धुतलेले. कुऱ्हाडीला धार लावताहेत.