सीतेच्या बाजेखालची शेगडी

शेळगाव, मंगळवार, दिवेलागण

आज सुनेला लागंल असं बोलले. तोंडाला लगाम म्हणून न्हाय मला.

दीपाली बारामतीच्या कॉलेजात शिकवती आणि सीतेवर कादंबरी लिहिती. आजवर रामाच्याच बाजूनं सांगितलं, आता सीता बोलंल, म्हणती. आज वाचून दाखवलं. सीता वनात बाळंत होती आणि दुसऱ्या दिवशी उभी राहून अयोध्येला दोन पानं सुनावती.

मी म्हणलं, "अगं, बाळंतीण हाय का पुढारी? तिच्या बाजेखाली शेगडी कुणी ठेवली? शेक कुणी दिला?"

तिचा चेहरा उतरला. वही मिटून आत गेली. पोरगी एवढं जीव लावून लिहिती आणि मी शेगडीवर अडले. का अडले?

भाकरी थापत होते, तवर ती परत आली. "आत्या, तुमच्या बाजेखाली कुणी ठेवली होती?"

कुणी न्हाय. आई आधीच गेलेली, आणि मुलगी झाली म्हणून सासू रुसलेली. पाचव्या दिवशी मीच उठून चूल पेटवली. हे कुणाला सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. ती चुलीपुढं बसून लिहीत राहिली.

मग तिनं वाचून दाखवलं. आता सीतेकडं एक बाई शेगडी घेऊन येती आणि खेकसती, "पड गुमान! भाषण उद्या दे."

बया, ही तर मीच! लई हसले. आणि हसता हसता पाठ शेकल्यासारखी वाटली, तीस वर्षांनी.