किलोमीटरमागे सव्वादोनशे कोटी

२४ ऑगस्ट

शिसारी आली आज. फाट्यावर, माझ्या मोटार-वायंडिंगच्या दुकानाच्या बरोबर समोर, बॅनर लागलंय — 'परभणी मेट्रो झालीच पाहिजे!' खाली आमच्या गावचा व्यंकटराव, हात जोडून. जिल्हा परिषदेला उभं राहायचंय ना! आणि गाडीचा फोटो कुठला टाकलाय? शांघायच्या मॅग्लेव्हचा. ती मेट्रो नाही, चुंबकावर तरंगणारी गाडी आहे. तिला चाकंच नसतात. एवढंही बघत नाहीत लोक.

मेट्रो म्हणे! जिंतूर रोडपासून चार किलोमीटर आत आमचं गाव. संध्याकाळची एकच बस होती, साडेपाचची. जूनपासून तीही बंद. माझी लेक सुकेशनी परभणीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. काळीपिवळी जीप भरेपर्यंत स्टँडबाहेर उभी राहते. मग ड्रायव्हर आणि गिअर यांच्यामध्ये अंग चोरून बसायचं. फाट्यावर उतरली की मी मोटारसायकलवर घरी आणतो. प्रॅक्टिकल अर्धं सोडून निघावं लागतं तिला. आणि यांना मेट्रो पाहिजे!

२५ ऑगस्ट

सुकेशनीची आई, बबिता, आज भाकरी थापता थापता म्हणाली, "दिवाळीपतोर बघू. गाडी सुरू झाली तर झाली, न्हाईतर बंद करा कॉलेज. माझा जीव ऱ्हात न्हाई ठिकाणावर."

सुकेशनी ताटावरून उठून गेली.

२९ ऑगस्ट

व्यंकटराव दुकानात. मोटार भरायला टाकली असेल म्हणून वर बघितलं, तर खुर्ची ओढून बसला.

"सिद्धोधनराव, तुमी लय वाचता म्हणं. साऱ्या दुनियेतल्या मेट्रोचा खर्च लिहून द्या. पुस्तिका काढायलोय. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, पालकमंत्री झेंडावंदनाला येतेत, निवेदनासोबत त्यांच्या हातात द्यायची."

म्हटलं, परभणीत मेट्रो बसत नाही.

"ती बसवायची हाय कोणाला? बसचा अर्ज दिला की घेऊन ठेवतेत, संपलं. मेट्रो मागितली की पेपरात फोटो येतो. मग साहेब हसतेत, म्हणतेत, मेट्रो न्हाई जमायची, दुसरं काही बोला. तवा आपण बस काढायची! आपल्या सुकेशनीचीच सोय हाय की."

किळस वाटली. जे पाहिजे ते सरळ मागायचं नाही, खोटं मोठं मागायचं आणि खरं लहान पदरात पाडून घ्यायचं! या जिल्ह्यात सतरा सप्टेंबरला वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. विमानतळ मागतात, स्मशानाची शेड घेऊन येतात.

पण 'हो' म्हटलं. एक तर पोरीसाठी. दुसरं — खोटं कशाला लिहू — मला कोणी असं काही विचारायला येईल याची वीस वर्षं वाट बघितली. दहावीत शाळा सुटली. इंग्रजी शिकवायला कोणी आलं नाही, डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो.

मात्र अट घातली. आकडे खरेच जातील आणि माझा निष्कर्षही जाईल. "बिनघोर ऱ्हा," म्हणाला. चहाचे पैसे मीच दिले.

२ सप्टेंबर

दुकान लवकर बंद करतोय सध्या. जितकं वाचावं तितका वीट येतो.

न्यूयॉर्क! तीन किलोमीटरसुद्धा नाही असा एक तुकडा, तीन नवी स्टेशनं, आणि साडेचार अब्ज डॉलर! मुंबईचा भुयारी मार्ग तेहतीस किलोमीटरचा, सदतीस हजार कोटींच्या घरात. आजच्या डॉलरच्या भावानं दोन्ही रकमा जवळपास सारख्या भरतात. तिथं तीन, इथं तेहतीस! (भाव कोणत्या सालचा धरला ते लिहायलाच पाहिजे. कोणी लिहीत नाही.) म्हणजे मुंबई स्वस्त का? अजिबात नाही. अकराशे कोटींच्या वर जातो एक किलोमीटर. माद्रिदवाल्यांनी भुयारंच खणली, पण स्टेशनं साधी, एकसारखी ठेवली, निर्णय पटापट घेतले आणि फार कमीत काम केलं. पुढाऱ्यांनी अभ्यासदौऱ्याला तिकडं जावं. पण जातील तिथं जेवतील.

नागपूरची बरीचशी खांबांवरून जाते, म्हणून किलोमीटरमागे सव्वादोनशे कोटींच्या आसपास. पुण्याची थोडी जमिनीखालून जाते, लगेच खर्च चढला. भुयारी आणि खांबांवरची, दोन्ही एकाच रांगेत मांडून 'महाग-स्वस्त' म्हणणं शुद्ध फसवणूक आहे. वर्तमानपत्रं तेच करतात, मोठ्या अक्षरांत.

७ सप्टेंबर

झालं लिहून. परभणीसाठी नागपूरचाच दर धरला, २२५ कोटी. बारा किलोमीटर म्हणजे सत्तावीसशे कोटी. बसायला माणसं? नाहीत. शेवटी लिहिलं — 'सबब मेट्रोची मागणी हास्यास्पद असून, त्याऐवजी शहरातून आसपासच्या गावांना सायंकाळच्या बस द्याव्यात.' सबब हा शब्द मला आवडतो.

सुकेशनी मोबाइलवर टाइप करून देतेय. थांबली. म्हणाली, "पप्पा, हे हास्यास्पद ठेवायचंच का? व्यंकटकाका छापतील?"

म्हटलं, छापावंच लागेल. अट आहे. काना-मात्रासुद्धा हलवायची नाही.

"बरं," म्हणाली.

११ सप्टेंबर

काळीपिवळी पंक्चर. सुकेशनी फाट्यावर पोचली तेव्हा पूर्ण अंधार. तासभर नुसता रस्त्याकडं बघत उभा होतो मी. घरी बबितानं जेवणच केलं नाही.

१७ सप्टेंबर



झेंडावंदन झालं. निवेदनवाल्यांची रांग लागली. पुस्तिका वाटल्या. वर माझं नाव ठळक — 'संकलन : अभ्यासक सिद्धोधन'. क्षणभर छाती फुगली, कबूल. उघडली. शेवटची ओळ — परभणी, दर किलोमीटरी २२.५ कोटी! 'जगातली सर्वांत स्वस्त मेट्रो!' आणि 'सबब'पासून पुढचं सगळं गायब!

टिंब! कोणीतरी मध्ये टिंब घुसडलं! दहापट!

एक रिटायर इंजिनिअर शेजारी उभे होते. पुस्तिका चाळून माझ्याकडं बघून हसले. "काय हो अभ्यासक, खांब कापसाचे उभारणार का?" आजूबाजूचे पोट धरून हसले. नाव माझं, आकडा माझ्या नावाखाली.

व्यंकटराव म्हणाला होता अगदी तसंच झालं. मंत्रीसाहेब हसले, म्हणाले, मेट्रोचं बघू पुढं, सध्या काय अडलंय? यानं लगेच बसचं काढलं. एक ऑक्टोबरपासून संध्याकाळची गाडी, तीन महिने चाचणीवर. साहेबांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं.

टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत.

१८ सप्टेंबर

व्यंकटरावाच्या घरी जाऊन दारातच विचारलं, टिंब कोणी टाकलं?

"आईशप्पत, मी वाचलं बी न्हाई! मोबाइलवर आलं तसं छापखान्याला धाडलं. पण किती झ्याक टिंब हाय, सिद्धोधनराव! 'सर्वांत स्वस्त' बघूनच साहेब हसले. हसले म्हणून इचारलं."

हा माणूस शपथ घेतो तेव्हा हमखास खोटं बोलतो. छापखान्यात पोराला सांगून केलं असणार. चोर!

१ ऑक्टोबर

बस आली. सुकेशनी आमच्या पारापाशी उतरली. उजेड होता अजून. खिडकीशेजारी बसून आली म्हणे. प्रॅक्टिकल पूर्ण करून निघाली. बबितानं ड्रायव्हर-कंडक्टरला बोलावून चहा पाजला.

आनंद झाला का? झाला. आणि त्याच आनंदाचा राग आला.

३ ऑक्टोबर

नाही सहन होत. आज वायंडिंगला आलेल्या एकानंही विचारलं, "टिंबवाले तुमीच का?" गिऱ्हाईक विचारतंय!

खुलासा लिहिला आणि वार्ताहर नागनाथाच्या हातात दिला. खरा आकडा दिला, आणि स्पष्ट लिहिलं, 'मजकुरात फेरफार करणारा बेशरम असून त्यानं मंत्र्यांसह साऱ्या जिल्ह्याला फसवलं आहे.' रविवारी छापतो म्हणाला.

संध्याकाळच्या आत व्यंकटरावाला कळलं. फोनवर पहिल्यांदाच आवाज चढला त्याचा. "फसवलं म्हणून पेपरात आलं तर साहेबाची इज्जत गेली. साहेबाची गेली की गाडी गेली. चाचणीवर हाय ती! टिंबासाठी पोरीला परत काळीपिवळीत बसवायलाय का तुमी?"

फोन ठेवला. बबितानं ऐकलं होतं. "गाडी आली ना दारात? मंग आता कोणाची जिरवायलाय?"

तिला कसं सांगू? आयुष्यभर एकच गोष्ट कमावली — माझा आकडा चुकत नाही. तीही असल्या माणसानं नासवायची? बस गेली तर पुन्हा भांडून आणीन. सरळ मागून आणीन. खुलासा मागं घेणार नाही.

४ ऑक्टोबर

खुलाशाचा कच्चा कागद सकाळी सुकेशनीच्या हाती पडला होता; संध्याकाळी बसमधून उतरली ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "पप्पा, तो बेशरम म्हणजे मी आहे. टिंब मी टाकलं. शेवटचं मी काढलं. तुमचं आहे तसं गेलं असतं तर काकानं फेकून दिलं असतं, आणि दिवाळीनंतर मी घरी."

मी नागनाथाला फोन लावला. खुलासा फाडून टाका म्हटलं, त्याऐवजी दोन ओळींची दुरुस्ती घ्या. खरा दर २२५. टिंब लिहिणाऱ्याच्या हातून, नजरचुकीनं पडलं.

"लिहिणारा म्हणजे तुमीच ना?" त्यानं विचारलं. "नाव टाकू?"

टाका म्हटलं. पूर्ण नाव टाका.