ताईच्या पायाचं माप

रविवार, ७ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तुझा गुडघा कसा आहे? फोन सोडून हिला पत्राचं काय सुचलं, असं म्हणशील. फोनवर तू मला धड बोलू देणार नाहीस, "जाऊ दे गं, ठमे" म्हणून मोकळी होशील. मला जाऊ द्यायचं नाहीये.

आधी बातम्या. ऑफिसच्या खालच्या लाँड्रीवाल्यांनी मशीन बदललं, आता माझं टेबल थरथरत नाही. बेकरीवालीने दुसरी भट्टी घेतली. तिची बिलं अजून पिठाने माखलेलीच येतात. शिंपीमामा वर्षभराच्या पावत्या पिशवीत कोंबून आणतात आणि वर मलाच म्हणतात, "मॅडम, जरा नीट ठेवत जा!" हसलीस ना? हस. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

तुझं ऑपरेशन ठरलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "आठवडाभर येशील का? हाताशी कोणी हवं." मी म्हटलं, सगळ्यांचे हिशेब पुरे करायची हीच वेळ आहे, मान वर करायला फुरसत नाही. तू म्हणालीस, "कामं असतात गं." आणि नर्सबाई ठेवलीस. खोटं नव्हतं ते, ताई. काम होतंच.

मग माझंच मशीन बिघडलं. पाय सुजायला लागले. जेवण टेबलावरच, तेही गार. एके दिवशी शिंपीमामांच्या खरेदीचे आकडे बेकरीवालीच्या हिशेबात घालून बसले. ती म्हणाली, "मॅडम, एवढी बटणं घेऊन मी करू काय? पावात घालू?" सगळे हसले, मीही हसले, पण आतून पार हादरले. डॉक्टरीणबाईंनी दम भरला, आठवडाभर काम बंद, नाहीतर मीच तुम्हाला दवाखान्यात झोपवीन.

आता ऐक. "मी थकलेय" एवढं गिऱ्हाइकांना सांगायला माझी जीभ उचलेना. लोक म्हणतील, बसून आकडे तर मांडते, हिला कसला आलाय थकवा! म्हणून दारावर पाटी लावली: बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन, ऑफिस आठवडाभर बंद.

हो. तुझं नाव पुढे केलं. तू तिकडे काठी घेऊन एकेक पाऊल टाकत होतीस, आणि मी इकडे माझ्याच घरात दार लावून झोपले होते.

आणि खरं सांगू? छान वाटलं गं. केसांना तेल लावलं, कोमट पाण्यात पाय सोडून बसले, गरम गरम जेवले. त्या छान वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

साबण संपला म्हणून खाली उतरले, तर बेकरीवाली समोर. माझं डोकं तेलाने चप्प, पायात घरातल्या सपाता. "अगंबाई, तुम्ही इथे?" मी म्हटलं, "कपडे न्यायला आले." तिने भररस्त्यात मला मिठी मारली. "स्वतःकडे बघायलासुद्धा वेळ नाही हो तुम्हाला. किती करता बहिणीचं!" ताई, मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड उघडलं नाही.

तिने ते चपलावाल्या काकांना सांगितलं. त्यांचे हिशेबही माझ्याकडेच असतात. लगेच त्यांचा फोन. "गुडघ्याच्या माणसाला साध्या चपला चालत नाहीत, मॅडम. मऊ तळव्याच्या शिवून देतो. ताईंचं माप सांगा."

लहानपणी तुझ्या चपला घालून मी घरभर फटक फटक फिरायचे, त्या मला मोठ्या व्हायच्या, एवढंच आठवलं. आज तुझा पाय केवढा आहे, मला माहीत नाही. शेवटी माझंच माप सांगितलं.

काल चपला आल्या. काका पैसे घ्यायला तयार नाहीत. ते गेल्यावर पायात घालून बघितल्या. अगदी बेतून शिवल्यासारख्या. पटकन काढल्या आणि हमसून हमसून रडले.

आज सकाळी खोका घेऊन त्यांच्या दुकानात गेले आणि सगळं सांगून टाकलं. पाटी, झोप, माप, सगळं. ते बराच वेळ मान खाली घालून चामडं कापत राहिले. मग म्हणाले, "थकलेय म्हणाला असता, तर आम्ही काय खाल्लं असतं तुम्हाला?" त्यांनी खोका परत माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "या तुम्हीच घाला, पाय बघा केवढे झालेत. पण ताईंचं माप आणा. उभं राहून काढलेलं." त्या चपला आत्ता माझ्या पायात आहेत. मऊ आहेत, आणि टोचतात.

बेकरीवालीला उद्या सांगणार आहे.

या पाकिटात एक कोरा कागद घालणार होते. लिहिणार होते, यावर पाय ठेव, भोवती पेन्सिल फिरव आणि पाठवून दे. घडीसुद्धा घातली. मग लक्षात आलं, तुझा गुडघा अजून कुठे पुरता वाकतोय! तुला वाकता आलं असतं, तर तू मला बोलावलंच कशाला असतंस?

शुक्रवारी येतेय. पाटी लिहून ठेवलीय, या वेळी खरी. रागवायचं असेल तर पोटभर रागव, "जाऊ दे गं" तेवढं म्हणू नकोस. तू नुसती भिंतीला धरून उभी राहा. वाकेन मी.

पेन्सिल घेऊन निघालेली,
तुझी ठमी