इथे अजून लिहायचं आहे

मी, खाली सही करणारी, सत्तरी ओलांडलेली, अविवाहित, पाण्याचे पंप चालवणाऱ्या एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन लिहिणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही. हृदयाबद्दल जे सांगितलं, ते ऐकूनच मी हे लिहायला बसले.

१. राहतं घर, सामानासकट, माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाच्या मुलीला द्यावं. बँकेत असेल नसेल तेही तिचंच. त्यावर कोणी डोळे लावून बसलं असेल तर त्यांनी ते आता मिटावेत.

२. वहिनीला माझं शिलाई मशीन. दादा जाऊन महिना झाला नाही तोच तिने त्याचा कॉम्प्युटर भंगारात घातला. "माणूस गेला, आता डबडं कशाला सांभाळायचं?" म्हणाली. टीप घालताना दर वेळी तिला माझी आठवण यावी, एवढीच शिक्षा.

३. कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात दादाचा पेनड्राइव्ह आहे. त्याच्या सहीची डिजिटल किल्ली त्यातच आहे, दुसरी नाही. ती लावल्याशिवाय त्याच्या नावाने कोणालाही एक अक्षर लिहिता येत नाही. डब्याला मी लावलेली चिकटपट्टी आजही तशीच आहे. साक्षीदारांनी ती पाहिली आहे. हा डबा भाचीने सांभाळावा आणि उघडू नये.

४. कारण असं. दादाही याच कामात होता, आणि आमच्याकडे पान अर्धवट असतानाच रिव्ह्यूला, म्हणजे इतरांनी तपासायला, टाकायची रीत आहे. सुचलं तेवढं लिहायचं, राहिलेल्या जागी 'इथे अजून लिहायचं आहे' असं टाकायचं, मग इतरांनी प्रश्न विचारायचे. माझी पानं दादा तपासायचा. आयुष्यभर त्याचा एकच शेरा: 'अजून कच्चं आहे.' तो गेला तेव्हा 'पंप बंद करताना' हे त्याचं स्वतःचं पान मात्र कच्चंच राहिलं होतं.

बराच काळ कोणी काही बोललं नाही की असा ड्राफ्ट आपोआप बंद होतो. माझ्याच्याने ते बघवेना, म्हणून मी उगाच एक प्रश्न टाकला: वीज गेली असेल तर व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा? दुसऱ्या दिवशी ती मोकळी जागा भरलेली होती. दादाच्या सहीनिशी. 'डावीकडे. छोटीला डावं-उजवं कळत नाही, तिने घड्याळ बांधलेल्या हाताच्या बाजूला फिरवावा.'

मला छोटी म्हणणारा तो एकटाच होता. आणि मी आधी मनगटावरचं घड्याळच पाहिलं.

तेव्हापासून मी विचारते, तो लिहितो. भाचीला दाखवलं तर म्हणाली, "आत्या, कोणीतरी थट्टा करतंय गं तुझी."

"मग तूच विचार," मी म्हटलं.

तिने विचारलं, पंप थांबताना आवाज होतो का? उत्तर आलं: 'होतो. घाबरू नये, मी शेजारीच आहे.' ती बराच वेळ माझा हात धरून बसली. पुन्हा थट्टेचं नाव काढलं नाही.

पण एकेक जागा भरत आली. आता एकच उरली आहे, 'बंद झाल्यावर काय होतं.' ती भरली की पान पूर्ण, मर्ज, म्हणजे कायमचं आत जमा, आणि दादा गप्प. म्हणून तेवढं मी विचारलेलं नाही. भाचीनेही त्याला विचारू नये. तेल कोणतं घालायचं, गंज कसा काढायचा, काहीबाही विचारत राहावं. गप्प मात्र बसू नये. घर तिला याच अटीवर दिलं आहे.

५. सवयीचा गुलाम काय करणार! हे मृत्युपत्रही मी अर्धवट असतानाच पंपांच्या पानांसोबत रिव्ह्यूला टाकलं. वरची चार कलमं झाली होती. तारखेच्या जागी नेहमीचंच वाक्य होतं. आज सकाळी पाहिलं तर तिथे येत्या गुरुवारची तारीख. खाली दादाचा शेरा, जन्मात पहिल्यांदा: 'आता कच्चं नाही.'

मला भीती वाटते आहे. आणि आनंदही झाला, तो लपवत नाही. एवढ्यासाठी मी किती वर्षं झुरले!

साक्षीदारांना तातडीने बोलावलं. शिंपीकाका चष्मा पुसत म्हणाले, "बाई, आज तर मंगळवार."

"लिहिणाऱ्याला ठाऊक आहे," मी म्हटलं, "तुम्ही सही करा."

६. भाचीने गुरुवारी येऊ नये, शुक्रवारी यावं. दादाचा डबा तेवढ्या एकदाच उघडून माझ्या सहीची किल्ली त्यात ठेवावी आणि पुन्हा चिकटपट्टी लावावी. मग एक नवं पान उघडावं, अर्धवट ठेवावं आणि रिव्ह्यूला माझं नाव टाकावं. 'बंद झाल्यावर काय होतं' हे मला विचारावं. उत्तर मी अर्धवटच देईन.

सही : छोटी

साक्षीदार :
१. शेजारचे शिंपीकाका
२. खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई

स्थळ : राहतं घर, खिडकीजवळचं टेबल
दिनांक : येता गुरुवार